पहिल्या पायरीवर

त्या दोघांना गावात कुणी खऱ्या नावानं हाक मारत नसे. एक पुढला, एक मागला. डोंगराच्या पायऱ्या चढताना खुर्चीचे पुढचे दांडे ज्याच्या खांद्यावर तो पुढला आणि मागचे ज्याच्या खांद्यावर तो मागला. मध्ये खुर्ची, खुर्चीत पाहुणा. कुणाचे गुडघे दुखायचे, कुणाला दम लागायचा, कुणाची हौस दांडगी आणि पाय लटपटते. अशांना वर नेऊन, देखावा दाखवून खाली आणायचं, हा दोघांचा धंदा. मागल्याचं लग्न झालं तेव्हा नळावरच्या बायकांनी त्याच्या बायकोला 'मागलीण' म्हणायला सुरुवात केली. ती आधी रुसली, मग भांडली, आणि शेवटी तीच दार वाजवताना "मी आहे, मागलीण," म्हणायला लागली.

मागल्यानं पुढल्याचं तोंड जितकं पाहिलं असेल त्याच्या दसपट त्याची पाठ पाहिली होती. उजव्या खांद्याखालचा मस, मानेवरून उतरणारी घामाची रेघ, दम लागला की वर येणारी दोन हाडं. पुढल्याला खोकला यायच्या आधी मागल्याला कळायचं.

ती पाठ आता पायऱ्या चढत नव्हती. पाऊस सरला, शिखरावरचे ढग फाटले, पाहुणे यायचे दिवस आले, आणि पुढला सगळ्यात खालच्या पायरीवर हात जोडून बसला.

त्याची मुलगी मुंगी. लहानपणी स्वतःपेक्षा मोठी मोळी ओढत आणायची, म्हणून मुंगी. मोठी झाल्यावर वरच्या लॉजमध्ये खोल्या झाडायला, चादरी बदलायला जाऊ लागली. पावसाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी ती काम आटपून खाली निघाली आणि घरी पोचलीच नाही. सकाळी वळणाखालच्या झुडपांत सापडली. आधी सगळे म्हणाले, पाय घसरला. मग डॉक्टर म्हणाले, पाय घसरलेल्या माणसाच्या गळ्यावर बोटं उमटत नाहीत. पोलीस आले, ज्याला त्याला तेच तेच विचारलं, लॉजवाल्यांचा चहा प्यायले. पाऊस लागला तसे निघून गेले. तपास चालू आहे, एवढंच त्यानंतर ऐकू येत राहिलं. कुठं चालू आहे ते काही कुणाला दिसलं नाही.

पुढला कुणावर ओरडत नव्हता. गाडीतून पाहुणे उतरले, कंबरा मोडत पायऱ्यांशी आले की तो नुसता उठून उभा राहायचा.

"पाहुणे, वर जाऊ नका. माझ्या मुलीला या वाटेवर कुणीतरी मारलं. कुणी, ते अजून सापडलं नाही. सापडलं की या. मी स्वतः खांद्यावर घेऊन जाईन."

एवढंच बोलायचा. कुणी खाली मान घालून बाजूनं चढून जायचे. कुणी हातात नाणं ठेवायला बघायचे, तेव्हा तो हात मागं घ्यायचा. कुणी परत फिरायचे. एका तरुण जोडप्यानं त्याचं बोलणं फोनमध्ये टिपलं, आणि ते बोलणं कुठून कुठं गेलं कोण जाणे. पुढच्या आठवड्यात गाड्या निम्म्या झाल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात रस्त्यावर कुत्री ताणून झोपायला लागली.

"दुःख एकाच्या घरचं आणि चूल विझायची साऱ्यांची, हा कुठला न्याय?" चहावाली रिकामा गाळा पुसत म्हणायची. पुढल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची, आणि मग चहा उरलाच आहे असं म्हणून त्याला एक पेला नेऊन द्यायची. "मुंगीला काय मी मारलं? या पाहुण्यांनी मारलं? मग शिक्षा आम्हाला कशाची?"

पुढला पेला घ्यायचा.

मागल्याच्या घरीही तेच चाललं होतं. सकाळी उठून तो सवयीनं खुर्ची पुसायचा, पट्टे ओढून बघायचा, आणि भिंतीला टेकवून ठेवायचा. दोघांची खुर्ची एकट्यानं उचलता येत नाही. मागलीण चुलीपुढं बसून बटाटे सोलायची. साल इतकी पातळ काढायची की पलीकडचं दिसावं.

"भाऊजींना जाऊन सांगा जरा," ती म्हणायची. "पोरगी त्यांची गेली, आपली जिवंत आहे. जिवंत पोरीला खायला लागतं."

"तू सांग."

"मी कशी सांगू? मित्र तुमचा."

"मग राहू दे."

"राहू दे! राहू दे म्हणून पोट राहतं का?" आणि बटाटे शिजले की पहिली वाटी झाकून ती मुलीच्या हातात द्यायची. "जा, मुंगीच्या आईला देऊन ये. आणि ती खाईपर्यंत तिथंच बस. नाहीतर ती झाकून ठेवते नि मांजर खातं."

मुलीला सगळे शेपूट म्हणत. मुंगी जाईल तिथं मागं मागं जायची म्हणून शेपूट. आता सोळा-सतरा वर्षांची झाली होती, तरी मुंगीच्या आईकडं जाताना वाटेत कुणाच्या तरी मागं असल्यासारखी चालायची, कडेनं.

एक दिवस वरच्या लॉजचा मॅनेजर खाली आला. मागल्याच्या दारात उभा राहिला, खुर्ची पाहिली, ओकंबोकं घर पाहिलं, बूट न काढता आत आला आणि मागलिणीनं पुढं केलेल्या स्टुलावर बसला.

"पाहुणे हळूहळू परत येतील," तो म्हणाला. "पण वर न्यायला माणसं पाहिजेत. तुझा जोडीदार काही आता उठायचा नाही. मी तुला जोडीदार देतो. तो उंच आहे ना, शेतावर काम करणारा, त्याला उंट म्हणतात, तो तयार आहे."

मागल्यानं भिंतीला टेकवलेल्या खुर्चीकडं पाहिलं.

"आणि मुलगी रिकामी आहे ना? खोल्यांचं काम आहे. ती जागा रिकामीच आहे."

कुठली जागा, ते कुणी विचारलं नाही. शेपूट दाराच्या फळीला नखानं कोरत उभी होती.

"मी जाईन," ती म्हणाली.

मागल्यानं बायकोकडं पाहिलं. बायकोनं रिकाम्या डब्याकडं पाहिलं. मॅनेजर त्यालाच होकार समजून उठला.

दुसऱ्या दिवशी मागल्यानं उंटाबरोबर खुर्ची उचलली. पाहुणा जाडजूड होता आणि बसल्या बसल्या डुलत होता. पायऱ्यांशी पोचेपर्यंत मागल्याला वाटत होतं, पुढला निदान आज तिथं नसावा. पण तो होता. त्यानं पाहुण्याला हात जोडून जे सांगायचं ते सांगितलं. पाहुणा म्हणाला, "आपण काय करणार त्याला? चला." मग पुढल्यानं मागल्याकडं बघितलं, आणि खुर्चीला वाट मिळावी म्हणून पाय आवळून बाजूला घेतले.

शिवी दिली असती तरी चाललं असतं. थुंकला असता तरी चाललं असतं.

खुर्ची वर निघाली तशी खालून त्याची हाक आली. "अरे ऐक! वळणाच्या अलीकडं डावीकडचा दगड सुटलाय. पाय बघून टाक."

मागला हूं सुद्धा म्हणाला नाही.

उंट उंटासारखाच चालला. लांब टांगा, मध्येच थबकायचं, मध्येच झटका. दांडे वरखाली होऊन मागल्याच्या खांद्याचं सालटं निघालं. डोळ्यांपुढं एक परकी पाठ होती, तिच्यावरून काहीच कळत नव्हतं. डावीकडचा दगड खरंच सुटलेला होता. वळणावर आल्यावर त्यानं मान वळवायची नाही असं ठरवलं होतं. तरी वळली. पावसानं झुडपं अशी फोफावली होती की तिथं कधी काही झालंच नसावं.

संध्याकाळी तो पिठाची पिशवी आणि तेल घेऊन घरी आला. मागलिणीनं भांडंभर स्वयंपाक केला, गरम पाण्यात फडकं बुडवून त्याचा खांदा शेकला. शेपूट उद्या घालायचे कपडे घडी करत होती.

"तिथून सुटतात कधी?" बऱ्याच वेळानं मागलिणीनं विचारलं.

"चादरी वाळत घातल्या की," शेपूट म्हणाली. "अंधार पडायच्या सुमारास."

"आणि खाली कुणाबरोबर येतात?"

शेपटानं घडी मोडली, पुन्हा घातली. "मुंगी तर एकटीच यायची."

फडक्यातलं पाणी मागल्याच्या पाठीवरून ओघळत राहिलं. मागलिणीचा हात खांद्यावर तसाच थांबला होता. ताटं वाढली होती, पण जेवण कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. भांडंभर अन्न समोर आणि घर उपाशी, असं त्या घरात पहिल्यांदाच झालं.

सकाळी शेपटाला मागलीण म्हणाली, "आज नको जाऊस. उद्या बघू." का, ते सांगितलं नाही. मागला खुर्ची घेऊन बाहेर पडला.

त्या दिवशी एकच गाडी आली. तिच्यातून एक म्हातारी बाई उतरली, काठी टेकत. बरोबर कुणी नव्हतं. केस पांढरेशुभ्र, पायांत नवे कोरे बूट, खास डोंगरासाठी घेतलेले. पुढल्याचं सगळं बोलणं तिनं उभ्यानं ऐकून घेतलं. मग काठी टेकत खुर्चीपाशी आली. उंटाकडं न बघता मागल्याकडं बघून म्हणाली,

"तो म्हणतो जाऊ नका. तुम्ही खुर्ची घेऊन उभे आहात. मी कुणाचं ऐकू?"

"तुमची मर्जी, आजी," मागला म्हणाला.

"मर्जी माझी असती तर विचारलं असतं का? लग्न झालं तेव्हा आम्ही दोघं इथं आलो होतो. पायी चढलो होतो. आता हे नाहीत. मला एकदा वरून बघायचं होतं. या वयात पुन्हा यायचं म्हणजे कठीणच. म्हणून विचारते. मी एकटी वर गेले नाही तर त्याच्या मुलीला न्याय मिळणार आहे का?"

उंटानं मागल्याला कोपरानं ढोसलं. चहावाली गाळ्यातून कान देऊन ऐकत होती. पुढला पायरीवर बसून जमिनीकडं बघत होता.

"वर फार छान आहे," मागला म्हणाला. "खोटं कशाला सांगू? आता हवा स्वच्छ आहे, अगदी लांबवर दिसतं." त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, पुन्हा टाकलं. "न्यायाचं मला कळत नाही, आजी. पण वर पाहुणे दिसले की सगळे म्हणतात, बघा, सगळं ठीक आहे. आणि ठीक नाही. ज्यानं केलं तो इथंच कुठंतरी आहे. कदाचित आमच्यातच बसून चहा पीत असेल. माझ्या मुलीला मुंगीच्या जागी लावतायत. तिला त्याच वाटेनं अंधारात एकटीनं खाली यायचंय." त्यानं पायरीवरच्या पुढल्याकडं बोट केलं. "तुम्ही त्याचं ऐका. जाऊ नका."

म्हातारीनं वर पाहिलं. शिखर उन्हात धुतल्यासारखं दिसत होतं. बराच वेळ बघून घेतल्यावर ती वळली, पुढल्याशेजारी पायरीवर टेकली, आणि दोन्ही हातांनी बुटांच्या नाड्या सैल केल्या.

"काय नाव होतं तिचं?" तिनं पुढल्याला विचारलं.

पुढल्यानं सांगितलं. मुंगीचं खरं नाव मागल्यानंही कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

चहावालीनं तीन पेले आणले. म्हातारी कसलीही घाई न करता चहा प्यायली. मुंगी कशी होती, काय खायची, कशी हसायची, सगळं विचारत बसली, आणि मग गाडीत बसून निघून गेली. उंट तोंडाला येईल ते बोलत शेताकडं गेला. मागल्यानं खुर्ची उलटी करून ठेवली आणि म्हातारी बसली होती त्या जागी बसला.

"घरी काय सांगशील?" पुढल्यानं विचारलं.

"ती बोलेल, मी ऐकेन."

"मी चुकतोय का रे?" पुढला म्हणाला. "चहावाली म्हणते ते खोटं नाही. रोज सकाळी वाटतं, आज उठावं, दांडा घ्यावा. मुंगी असती तर तिनंच मला झापलं असतं. म्हणाली असती, बाबा, गावाला उपाशी ठेवून बसलात होय? पण मी उठलो की ते विसरतील रे. मी बसलोय म्हणून त्यांच्या लक्षात आहे."

"मग बस," मागला म्हणाला. "मी पण बसतो."

घरी मागलिणीनं सगळं ऐकून घेतलं. पिठाच्या पिशवीचं तोंड घट्ट बांधलं, म्हणजे पुरवून खायला लागणार हे ठरलं. "बरं केलंत. शेपूटही आता वर जायची नाही," एवढंच म्हणाली. मग लगेच, "आणि ते फडकं धुवायला टाका, त्याला वास मारतोय."

पुढचे दिवस वाईट गेले. मागला लोकांच्या बांधावर गवत कापायला जायचा. ज्यांनी एरवी त्याला बसायला सतरंजी टाकली असती ते आता विळा हातात देताना म्हणायचे, "काय, पाहुणे हाकलून दमलास का?" नळावर मागलिणीची घागर कुणीतरी रांगेतून उचलून मागं ठेवली. ती मागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मागलीणच आहे मी, मला सवय आहे." दोघीतिघी हसल्या. एकीनं घागर पुढं आणून ठेवली.

दुपारपर्यंत गवत कापायचं आणि मग पायरीवर यायचं, असा मागल्याचा नेम झाला. काही दिवसांनी दुसऱ्या एका खुर्चीची जोडी येऊन शेजारी बसली, त्यांच्याही घरी मुली होत्या. चहावालीचा राग गेला नाही, पण तिनं मधली वाट काढली. चुकून एखादी गाडी आली की ती गाळ्यातूनच ओरडायची, "वर जाऊ नका! इथं बसा, चहा प्या, हा माणूस काय सांगतो ते ऐका आणि परत जा!"

म्हातारीनं कुणाकुणाला सांगितलं असेल ते असो. वरचं लॉज ओस पडलं. मॅनेजर एकटाच खिडक्या उघडत आणि लावत बसायचा म्हणे. मग लॉजच्या मालकानंच पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडं खेटे घातले की एकदाचा याचा छडा लावा. मुलगी मेली तेव्हा जे चाक हललं नाही, ते खोल्या रिकाम्या पडल्यावर हललं. पुढल्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "कशानं का हलेना."

थंडी पडू लागली होती. एका सकाळी सरकारी गाडी आली आणि तपासाच्या नव्या अधिकारी बाई उतरल्या. बरोबर एक हवालदार. बाई पन्नाशीच्या, अंगानं भारी, एका गुडघ्याला पट्टा बांधलेला, हातात काठी. त्यांनी आधी लॉजचं नाव काढलं नाही, पुढल्याशेजारी पायरीवर बसून त्याचं म्हणणं लिहून घेतलं. मग काठीचा आधार घेत उठल्या आणि पायऱ्यांकडं बघून मोठा श्वास घेतला.

"ती जागा दाखवा. मग वर जाऊन एकेकाला विचारते."

पुढल्यानं मागल्याकडं पाहिलं. मागला खुर्ची आणायला गेला.

"छे, छे," बाई म्हणाल्या. "तुमच्या खांद्यावर बसून तिथं जायचं? मला नाही जमणार. मी चालते, लागू दे वेळ."

"बसा, बाईसाहेब," पुढला म्हणाला. "तुम्ही दमून पोचलात तर डोळ्यांना काय दिसणार? मला तुमचे डोळे ताजे पाहिजेत."

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या आणि मग काठी मांडीवर घेऊन बसल्या.

पुढला सवयीनं पुढच्या दांड्यांमध्ये शिरायला गेला, तर मागला आधीच तिथं उभा होता.

"आज पुढं मी," तो म्हणाला.

"चढावर मागं वजन जास्त येतं म्हणतात. वेडा आहेस का, मला कुठली त्याची सवय, तुझं आपलं मागंच—"

"येतं जास्त. पण पुढच्याला वळण आधी दिसतं."

पुढला उभा राहिला. मग मागं गेला. दोघांनी एकदम दांडे उचलले, हवालदार मागोमाग निघाला.

मागल्याच्या पुढं आज कुणाची पाठ नव्हती, नुसत्या पायऱ्या होत्या, एकावर एक, आभाळापर्यंत. त्यानं पाऊल लहान ठेवलं. मागून पुढल्याचा श्वास ऐकू येत होता, आधी सरळ, मग जड. इतके दिवस बसून काढलेला माणूस. सुटलेला दगड आला तेव्हा मागला म्हणाला, "डावीकडं," आणि मागून "हं" आला.

वळणाच्या जरा खाली पायरी रुंद होती, तिथं ते दम खायला थांबले. खुर्ची खाली ठेवली नाही, ठेवली तर पुन्हा उचलणं अवघड जातं.

"अरे," पुढला म्हणाला.

"हं."

"एवढं वजन येतं होय मागं?"

"येतं."

"इतकी वर्षं? आणि कधी बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू हळू चालला असतास," मागला म्हणाला. "तुझ्यामागं झपाझप चालायला बरं वाटायचं."

मागून हसू आलं. मुंगी गेल्यापासून पहिलं. मग ते हसणं मोडलं, दांडे थरथरायला लागले, आणि मागल्याला न बघताच कळलं की तो रडतोय. खुर्ची हलत होती. बाई दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून अगदी स्तब्ध बसल्या होत्या. मागल्यानं पाय फाकवून पायरीवर रोवले, खांदे ताठ केले आणि दांड्यांतून येणारी ती थरथर अंगावर घेत उभा राहिला. त्यानं मान वळवली नाही. वारा होता, खाली चहावालीच्या गाळ्यातून धूर निघत होता, रस्ता रिकामा होता.

हळूहळू दांडे स्थिर झाले.

"चलायचं?" मागल्यानं विचारलं.

पुढल्यानं नाक ओढलं, पट्टा खांद्यावर नीट बसवला.

"चल."

आणि ते वळणाकडं निघाले.